तयारी उताराची करा

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला सायकल चालवायला निघालेली मराठी मंडळी आता बरीच भेटतात. कोणी पुण्या-नाशिकची, कोणी जर्मनीत किंवा हॉलंडमध्ये नोकरीला असलेली. विचारतात मात्र सगळी एकच: मों व्हाँतू जमेल का? चढ किती टक्के आहे? मागे किती दात्यांची कॅसेट लावू?

जमेल. बेदवाँ गावातून या डोंगराच्या माथ्यापर्यंत साधारण 21 किलोमीटरचा रस्ता आहे आणि तेवढ्यात जवळजवळ 1,600 मीटर उंची चढावी लागते. माथा 1,909 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही अडीचशे मीटर उंच, आणि डांबरी रस्ता थेट वरपर्यंत. पहिले पाच-सहा किलोमीटर सौम्य आहेत. मग जंगलातला लांबलचक टप्पा लागतो, तिथे चढ नऊ टक्क्यांच्या खाली फारसा येत नाही. तिथे कस लागतो, पण हिवाळाभर सिंहगडाच्या घाटात घाम गाळलेले पाय हळूहळू का होईना, वर पोचतात. चढ माणसाला फार तर दमवतो, फार झालं तर उतरून चालायला लावतो. हाडं मोडतात ती उतारावर, आणि त्याबद्दल मला आजवर कोणी एक प्रश्न विचारलेला नाही.

माझ्या मावसभावाच्या हासळीचं हाड गोर्द गावाखालच्या उतारावर मोडलं. मी त्याच्या मागेच होतो. वळणावर बारीक खडी पसरली होती. त्याने ती पाहिली आणि सवयीने डावा ब्रेक दाबला. आपल्याकडे बहुतेक सायकलींना डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, फ्रान्समध्ये डाव्या हाताला पुढचा. पुढचं चाक जागीच अडलं आणि तो हँडलवरून पलीकडे फेकला गेला. सायकल भाड्याची होती. देताना दुकानदाराने खोगिराची उंची, टायरची हवा, कुलूप सगळं नीट समजावलं होतं. ब्रेकचा शब्द त्याने काढला नाही, कारण त्याच्या लेखी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मागून आलेल्या एका मोटारवाल्या बाईंनी 112 ला फोन लावला, सावली पडावी म्हणून स्वतःची छत्री त्याच्यावर धरली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

म्हणून दुकानातच सायकल उचला, चाक फिरवा, एकेक लीव्हर दाबून कोणतं चाक थांबतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तारेचे ब्रेक असतील तर अदलाबदल करून मागा. हायड्रॉलिक असतील तर ते तिथल्या तिथे होण्यासारखं नसतं, तेव्हा पुढच्या ब्रेकच्या बाजूला हँडलवर लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि सपाट रस्त्यावर हाताला नवी सवय लागेपर्यंत घाटाकडे फिरकू नका. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही, नजर वळण संपतं तिथे. हे आपण सह्याद्रीत शिकलेलोच असतो. नवं आहे ते हाताचं, आणि रस्त्याच्या बाजूचं.

तिथे उजवीकडून चालतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शांत डोक्याने ते पाळणंही सोपं. पण समोरून अचानक गाडी आली की आपलं शरीर डावीकडे झेपावतं. जन्मभराची सवय आहे ती. तिथे डावीकडे म्हणजे थेट त्या गाडीपुढे. त्यामुळे पहिले काही दिवस डाव्या हाताच्या आंधळ्या वळणांवर वेग निम्म्यावर आणा, पाय कितीही ताजे असोत.

गावात शिरल्यावर आणखी एक नियम गाठतो. जिथे फलक किंवा सिग्नल नसतो, तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपण मोठ्या रस्त्यावर आहोत, तो बोळातून येतोय, तरीही हक्क त्याचा. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला दिसला तर समजा की हक्क तुमच्या रस्त्याचा आहे. तोच चौकोन काळ्या रेघेने छेदलेला दिसला की तो हक्क तिथे संपला.

आता प्रेक्षणीय स्थळांबद्दल. दिवस आखताना लोक नकाशावर गोर्द, मेनेर्ब, लाकोस्त, बोन्यो अशी नावं गोळा करतात, मधली अंतरं बेरजेत धरतात आणि पन्नास किलोमीटर म्हणजे काहीच नाही म्हणून खूश होतात. ही सगळी गावं जुन्या काळी संरक्षणासाठी टेकड्यांच्या डोक्यावर वसवलेली. गाव पाहायचं म्हणजे चढायचं, आणि पाहून झालं की उतरायचं. उतार नेमका कधी वाट्याला येतो? चर्च, वाडे, किल्ले बघत दगडी गल्ल्यांतून तासभर उभं राहिल्यावर, पाय आखडलेले असताना, भर दुपारी. अशी चार गावं एका दिवसात घातली की शेवटचा उतार सर्वांत थकलेल्या हातांनी उतरायचा असतो. दिवसाला दोन गावं पुष्कळ झाली. गल्ल्यांतल्या गुळगुळीत गोट्यांवर क्लीटचे बूट घसरतात, म्हणून पाठीवरच्या पिशवीत हलक्या चपला ठेवा.

रोमन लोकांनी मात्र चढ टाळण्यात आयुष्य वेचलं. नीम शहराला पाणी नेणारा त्यांचा कालवा सुमारे 50 किलोमीटरचा आणि एवढ्या अंतरात त्याचा उतार जेमतेम 12 मीटर. तो उतार राखण्यासाठी गार्दों नदीवर त्यांनी सुमारे 49 मीटर उंचीचा, तीन मजली कमानींचा पों द्यु गार उभारला. त्याच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर मला त्या मोजणीदारांविषयी जो आदर वाटला, तो कुठल्याही राजवाड्यापुढे वाटलेला नाही.

वाऱ्याकडे वळू. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून, आल्प्स आणि मध्य फ्रान्सचं पठार यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने, उत्तरेकडून मिस्त्राल सुटतो. पावसापूर्वी आपल्याकडे आभाळ भरून येतं, सूचना मिळते. मिस्त्रालच्या दिवशी आकाश लख्ख निळं असतं आणि माणूस फसतो. तिथले शेतकरी शेताच्या उत्तरेला सायप्रसच्या झाडांच्या दाट रांगा लावतात, जुन्या घरांना त्या बाजूला खिडक्या जवळपास नसतातच. सायकलवाल्याला या रांगांचा आडोसा सुखाचा वाटतो, पण धोका रांग संपते तिथे आहे. वारा बाजूने धाडकन आदळतो आणि सायकल हातभर सरकते. रांगेचं टोक दिसलं की हँडल खालून धरा, कडेपासून थोडं अंतर ठेवा. उंच रिमची चाकं भाड्याने घेऊच नका. आणि फेरी अशी आखा की सकाळी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, परतताना तो पाठीशी राहील.

व्हाँतूवर हाच वारा कित्येक पटींनी भेटतो. 2016 मध्ये तूर द फ्रान्सचा माथ्यावरचा शेवट वाऱ्यामुळे खाली शाले रेनार या ठिकाणी आणावा लागला होता. जगातले सर्वोत्तम सायकलपटू, मोटारींचा ताफा, डॉक्टर, सगळं हाताशी असताना. शाले रेनारच्या वर झाडं नाहीत, नुसती पांढऱ्या चुनखडीची खडी. तिथे पोचल्यावर सायकल भिंतीला टेकवा आणि पाच मिनिटं उभे राहा. उभ्याने तोल सांभाळावा लागत असेल तर तिथूनच परत फिरा. माथा कुठे जात नाही.

माथ्याच्या थोडं अलीकडे सायकलपटू टॉम सिम्पसनचं स्मारक आहे. 13 जुलै 1967 रोजी, वयाच्या 29 व्या वर्षी, भर उन्हात तो शर्यतीत इथे कोसळला. शरीरात उत्तेजकं आणि मद्य होतं, शिवाय शर्यतीत पाणी घेण्यावर तेव्हा बंधनं होती. लोक अजूनही तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात. आपल्याला उन्हाची सवय आहे, या भरवशावर राहू नका. तिथली हवा कोरडी, घाम आल्याचं कळतच नाही. दुपारी दुकानं, बेकऱ्या दोन-अडीच तास बंद असतात, त्यामुळे पाणी बारा वाजायच्या आत भरून घ्यायचं. गावातल्या कारंज्यावर 'नों पोताब्ल' लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्याच्या भीतीने काही जंगलवाटा बंद ठेवतात, रस्त्यावर गर्दीही असते. मे, जून किंवा सप्टेंबर बरा.

वर पोचलात की घामाने भिजलेला अंगरखा तसाच ठेवून उतरू नका. खालच्यापेक्षा वर दहाएक अंश थंडी असते, त्यात वारा. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही. वाराबंद जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे पायथ्याशी ओझं वाटतात, तरी घ्याच. उतरायला सो गावाच्या बाजूचा रस्ता लांब पण सौम्य आहे. पहिल्यांदा गेलेल्याने तोच धरावा.

निघण्याआधी प्रवासविम्याचा कागद स्वतः वाचा, सायकलिंग त्यातून वगळलंय का ते पाहा. आणि पहिला दिवस कालाव्हाँच्या सायकलमार्गाला द्या. काव्हायाँहून आप्तच्या बाजूला जाणारा हा मार्ग जुन्या रेल्वेच्या वाटेवर बांधलाय, त्यामुळे चढ नावापुरता आणि मोटारी नाहीत. वाटेत इसवीसनापूर्वीचा तीन कमानींचा ज्युलियन पूल लागतो. त्यावरून 2005 पर्यंत मोटारी धावत होत्या, आता फक्त सायकली आणि पादचारी. तिथून बोन्योचा चढ चढा, त्याच रस्त्याने खाली या, आणि पुन्हा एकदा चढून उतरा. दुसऱ्यांदा उतरताना कुठला ब्रेक कुठल्या हाताला, हा विचार मनात आला नाही, तर दुसऱ्या दिवशी बेदवाँ गाठायला हरकत नाही.