मॅडम, ह्याच्यावर कोड कुठाय?

फोन आला तेव्हा प्रस्तुत लेखिका सांगलीतल्या आपल्या पार्लरमध्ये एका गिऱ्हाइकाची नखं रिफिल करत होती. पलीकडून पहिल्या बॅचची विद्यार्थिनी विचारत होती, ‘मॅडम, ह्याच्यावर कोड कुठाय?’ मुलगी एका कौशल्य केंद्रात काम मागायला गेली होती. तिथल्या बाईंनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं, अभ्यासक्रमाचा कोड शोधला, सापडला नाही म्हणून कागद परत केला. त्या कागदावर ‘मास्टर ट्रेनर’ म्हणून सही होती ती प्रस्तुत लेखिकेची.

ही पदवी तिला तीन दिवसांत मिळाली होती. बारा वर्षं पार्लर चालवलेलं, थ्रेडिंगपासून ब्रायडलपर्यंत हात बसलेला. नेल एक्स्टेन्शनची मागणी वाढली तशी तिने पुण्यात एका हॉटेलच्या हॉलमधला कोर्स केला. दोन दिवस टिप्स, जेल आणि अ‍ॅक्रिलिक. तिसऱ्या दिवशी नेलआर्ट, ग्रुप फोटो आणि सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. शिकवायचं कसं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तरी पंधरा दिवसांत प्रमाणपत्र भिंतीवर लागलं आणि क्लासची फी ठरली.

त्या कागदावर ‘आयएसओ’ची मोहोर होती, संस्थेचा उद्यम नोंदणी क्रमांकही होता. तिला वाटलं, सरकारमान्य म्हणजे आणखी वेगळं काय असतं? आयएसओ 9001 हे मानक संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल बोलतं. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी ही व्यवसायाची नोंद असते आणि ती व्यावसायिक स्वतःच्या माहितीवर करतो. समोरची बाई नखांचं काम शिकवायला लायक आहे, असं या दोन्हींपैकी एकही सांगत नाही.

कोडचा प्रश्न निदान कागदाचा होता. दुसऱ्या बॅचमधला प्रश्न कातडीचा निघाला.

एका मुलीने सरावासाठी स्वस्तातला लॅम्प मागवला, जेल दुसऱ्याच कंपनीचं घेतलं आणि रोज स्वतःच्याच बोटांवर हात साफ करू लागली. महिन्याभरात नखांभोवती खाज, लाली, बारीक फोड. लेखिकेने तिला सांगितलं, ‘तुझी स्किन सेन्सिटिव्ह असेल, कोल्ड क्रीम लाव.’ पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी असल्याचं निदान केलं. कोल्ड क्रीमचा तो सल्ला लेखिकेला आजही टोचतो.

जेल लॅम्पखाली वाळत नाही, त्यातले रेणू एकमेकांत गुंफले जाऊन ते घट्ट होतं. त्यासाठी त्या जेलला हवी तीच तरंगलांबी, साधारण 365 ते 405 नॅनोमीटरच्या पट्ट्यातली, पुरेशा ताकदीने मिळावी लागते. लॅम्प आणि जेलची जोडी जमली नाही, तर वरून चकचकीत दिसणारा थर आत कच्चा राहतो आणि अ‍ॅक्रिलेटच्या कुळातल्या हेमासारखी (HEMA) मोकळी रसायनं कातडीला लागत राहतात. अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची सोबत. याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधेरोपणाच्या सिमेंटमध्येही असतात, म्हणजे ही खाज उद्या दवाखान्यातही आडवी येऊ शकते. दात आणि नखांचं हे नातं जुनंच आहे. फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने 1954 मध्ये आपलं तुटलेलं नख दातांसाठीच्या अ‍ॅक्रिलिकनेच सांधलं होतं.

वहीत एकदा उतरवलेल्या नोट्सही जन्मभर पुरत नाहीत. युरोपीय संघाने हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांच्या हाती ठेवली आणि जेल घट्ट करणाऱ्या टीपीओ या घटकावर 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी घातली. लेबल वाचता येणं हा आता शिकवण्याचाच भाग झाला आहे.

लेखिकेने क्लास बंद ठेवला आणि पुन्हा विद्यार्थिनी झाली. तेव्हा कळलं, की कौशल्य विकासाच्या चौकटीत प्रशिक्षकाला दोन परीक्षा असतात. एक विषयाची: नखांचं काम त्या जॉब रोलच्या मानकाप्रमाणे येतं का? दुसरी शिकवण्याची: पाठाचं नियोजन, प्रात्यक्षिक, मूल्यमापन. अनेक अभ्यासक्रमांत प्रशिक्षकाकडून किमान 80 टक्क्यांची अपेक्षा असते. विषयाच्या परीक्षेत बारा वर्षांचा हात कामी आला. शिकवण्याच्या परीक्षेत मात्र तोंड उघडेना. मोनोमरमध्ये बुडवलेल्या ब्रशवर पावडरचा मणी केवढा घ्यायचा, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं, शब्दांत येत नव्हतं. त्यातच परीक्षेच्या पाठाला बसलेली एक मुलगी डावखुरी निघाली. तिला फाइल कशी धरायला सांगायची, याचा लेखिकेने तोवर कधी विचारच केला नव्हता.

या वाटेने निघालेल्या बायकांना ती आता पैसे भरण्याआधीच अडवते. अभ्यासक्रमाचा कोड मागा आणि नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टरच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. परीक्षा कोण घेणार ते विचारा; शिकवणाराच पास करणार असेल, तर सावध व्हा. मॉडेलवर किती सेट करायला मिळतील आणि परीक्षकासमोर पाठ घ्यावा लागेल का, हे पावतीबरोबर लेखी घ्या. हातात काम आहे पण कागद नाही, अशांसाठी पूर्वकौशल्याच्या मान्यतेची, म्हणजे आरपीएलची, सोय आहे. आयटीआयमध्ये शिकवायचं असेल तर वाट वेगळी: दहावीनंतर कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आणि मग निदेशकांसाठीचा एक वर्षाचा सीआयटीएस अभ्यासक्रम. परदेशी जाण्याचा बेत असेल, तर तिथला परवाना आधी पाहा. अमेरिकेत तो राज्याराज्यांत बदलतो, इथला कागद तिथे आपोआप चालत नाही.

क्लास पुन्हा सुरू झाला तेव्हा लेखिकेने पहिल्या दोन्ही बॅचना बोलावून रविवारी फुकट शिकवलं. ज्यांनी फी परत मागितली त्यांना ती दिली. खाज आलेली मुलगी जेलला आता हात लावत नाही, थ्रेडिंग करते. पण प्रत्येक नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी ती येते. आपला लॅम्प आणि जेलची बाटली टेबलावर शेजारी शेजारी ठेवते आणि मुलींना दोन्हींची लेबलं मोठ्याने वाचायला लावते.