जीव कासावीस झाला, तर आधी शुगर मोज

शहादा
मार्गशीर्ष

चि. बाळू यास,


हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं, टाके कोरडे आहेत, हे सुनबाईनं फोनवर सांगितलं. तू रात्री उठून ओट्यावर फेऱ्या मारतोस, विनाकारण चिडतोस, पपईची तोडणी चालू आहे म्हणून मळ्यात जायचा हट्ट धरतोस, हेही कळलं. दवाखान्यातल्या नोकरीत मधुमेह्यांची अशी तगमग मी पुष्कळ पाहिली. घरचे अशा वेळी काहीतरी गोड पुढे करतात, नाहीतर झोपेची गोळी देतात. दोन्ही अंदाजानेच. तू आधी शुगर मोज.

शुगर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. चढली की घसा कोरडा पडतो, लघवीला सारखं उठावं लागतं, झोप मोडते. ऑपरेशनच्या ताणानं शरीरात कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन वाढतं आणि त्यानं शुगर चढते. जेवण तेच, गोळ्या त्याच, तरी आकडा वाढला तर घाबरू नकोस. पण दुर्लक्षही करू नकोस. चढलेल्या शुगरनं जखम भरायला वेळ लागतो आणि ती चिघळू शकते.

मोजण्याआधी हात साबणानं धू, कोरडे कर. पपईची फोड खाल्लेल्या बोटाला रस राहिला, तर मशीन रक्तात नसलेली शुगर दाखवतं. नुसतं स्पिरिट चोळून भागत नाही. आकडा 70 च्या खाली असेल तर साखरेचे तीन-चार लहान चमचे पाण्यात घालून पी, 15 मिनिटांनी पुन्हा मोज, मग थोडं खा. सुनबाईला सांगून ठेव, शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. आकडा वारंवार 250 च्या वर जात असेल तर डॉक्टरांना फोन कर. सोबत उलट्या असतील तर लगेच जा. गोळी, इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. जेवण कमी झालं असेल तर डोस विचारून घे.

शुगर ठीक असूनही चैन पडत नसेल, तर दुखतंय का, लघवी अडली आहे का, पोट साफ झालं का, ते बघ. काही दुखण्याच्या गोळ्यांनी पोट धरतं आणि कुंथणं तुझ्या टाक्यांना वाईट. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नकोस. 100.4 च्या वर ताप, टाक्यांतून पू, पोटरीला सूज किंवा धाप, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखव.

उपाशी राहून शुगर उतरवू नकोस. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, अंडं असं थोडं थोडं पण वेळेवर खा. जखम भरायला प्रथिनं लागतात. भेटायला येणाऱ्यांची बिस्किटं आणि केळी पोरांना दे. दिवसा लोळत पडू नकोस, अंगणात सावकाश चाल; त्यानं शुगर आटोक्यात राहते आणि रात्री डोळा लागतो.

मळ्यात मात्र इतक्यात नाही. वजन उचलायला सहसा चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. नेमकं किती, ते तुझे डॉक्टर सांगतील. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पुढच्या दत्तजयंतीलाही येतील, या वर्षी त्या गर्दीत धक्के खाऊ नकोस.

एक वही कर. तारीख, वेळ, आकडा, काय खाल्लं आणि जीव कसा होता, एवढं रोज लिही. टाके दाखवायला जाशील तेव्हा ती वही डॉक्टरांपुढे ठेव.

तुझी,
आत्या