दाबमापकाची नोंद

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• उष्णजल व्यवस्थेत पाण्याचा दाब का राखावा लागतो, हे सांगता येईल;
• दाबसंचाच्या नेहमीच्या तपासण्या व त्यांची कारणे स्पष्ट करता येतील;
• तपासणीची नेमकी नोंद लिहिता येईल.

प्रास्ताविक

काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश अशा थंड प्रदेशांतील काही मोठ्या रुग्णालयांत व हॉटेलांत बॉयलरमध्ये तापवलेले पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून फिरवतात. तेच पाणी परत येते व पुन्हा तापवले जाते. या बंद व्यवस्थेतील पाण्याचा दाब राखणाऱ्या यंत्राला 'दाबसंच' म्हणू या. त्याची देखभाल कशी करावी, हे या पाठात पाहू.

मूलपाठ

पाणी तापले की प्रसरण पावते. १० अंश सेल्सिअसचे १००० लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे ३० लिटरने वाढते. पाणी दाबून लहान करता येत नाही. म्हणून वाढलेल्या पाण्यासाठी प्रसरणपात्र जोडलेले असते. या पोलादी पात्रात रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला पाणी व दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन वायू असतो. पाणी वाढले की वायू आकसतो आणि त्याला जागा देतो.

पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब लागतो. सर्वांत वरचा रेडिएटर दाबसंचापासून १२ मीटर उंच असेल, तर तेथवर पाणी भरलेले राहण्यासाठी १.२ बार दाब हवा. थोडी जास्तीची सोय म्हणून यंत्रणा थंड असताना तो १.५ बार ठेवता येईल. दाब घटला, की दाबसंचातील पंप छोट्या टाकीतून पाणी घेऊन ती तूट भरून काढतो. दाब फारच उतरला, तर बॉयलर बंद करण्याची सूचना जाते.

येथेच एक धोका दडलेला आहे. कोठे गळती असली, तरी पंप निमूटपणे पाणी भरत राहतो आणि दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर प्राणवायू आत येतो व लोखंड गंजते; क्षारही साचतात. म्हणून वारंवार चालणारा पंप हे दक्षतेचे नव्हे, दुखण्याचे लक्षण समजावे.

दर आठवड्याला पुढील गोष्टी पाहाव्यात : यंत्रणा थंड व गरम असतानाचा दाब, टाकीतील पाण्याची पातळी व बॉलकॉक, सांध्यांजवळची ओल, पंप किती वेळा चालू झाला तो आकडा.

वर्षातून एकदा प्रसरणपात्रातील वायूचा दाब तपासावा. त्यासाठी यंत्रणा थंड होऊ द्यावी, पात्राकडे येणारी झडप बंद करावी आणि पात्रातील पाणी काढून टाकावे. पाणी न काढता मोजल्यास मापक पाण्याचाच दाब दाखवतो आणि वायू कमी झाल्याचे कळत नाही. हवेच्या झडपेतून पाणी आले, तर पडदा फाटला आहे असे समजावे. कमी व अधिक दाबाच्या धोक्याच्या घंटाही याच वेळी तपासाव्यात. विजेची पेटी व सुरक्षा झडप यांचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावे.

आता दोन नोंदी वाचा.

(अ) दाब ठीक आहे.

(आ) सकाळी ७ वाजता, यंत्रणा थंड असताना दाब १.५ बार. पंप या आठवड्यात ९ वेळा चालला. मागील आठवड्यात १ वेळा. तळमजल्यावरील झडपेच्या सांध्याशी ओल आढळली. पर्यवेक्षकांना कळवले.

पहिली नोंद खोटी नाही. पण ती वाचून रात्रपाळीच्या कामगाराला काहीच कळणार नाही. दुसरी नोंद त्याला थेट गळतीपर्यंत नेते. बाहेर हिमवर्षाव होत असताना रुग्णकक्ष उबदार राहणे अशा चार वाक्यांवरही अवलंबून असते. नोंद लिहिणारा हात आणि ती वाचणारा डोळा वेगवेगळ्या वेळी कामावर असतात. म्हणून नोंदीत वेळ, आकडा, तुलना व केलेली कृती या चारही गोष्टी असाव्यात.

शब्दार्थ

प्रसरण – आकार वाढणे
निमूटपणे – काही न बोलता
दक्षता – सावधपणा
पर्यवेक्षक – कामावर देखरेख करणारा

पाठगत प्रश्न

१. प्रसरणपात्रातील रबरी पडद्याचा उपयोग काय?
२. वायूचा दाब मोजण्यापूर्वी पात्रातील पाणी का काढावे?
३. काटा स्थिर असूनही गळती कशावरून ओळखता येते?

स्वाध्याय

१. 'वारंवार चालणारा पंप हे दुखण्याचे लक्षण आहे.' हे विधान चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
२. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या यंत्राची तपासणी करा व नोंद (आ) प्रमाणे चार वाक्ये लिहा.
३. 'तपासावा', 'पाहाव्यात' यांसारखी विध्यर्थी क्रियापदे पाठातून शोधा. त्यांपैकी कोणतीही तीन वापरून तुमच्या कामासंबंधी सूचना तयार करा.