नाव दोघांनाही शोभावं

नाशकात सापडलेली, टाकून दिलेली पिल्लं सांभाळून त्यांना घर शोधून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कुणी बांधकामावरून आणून देतं, कुणी मळ्याच्या बांधावरून. जंतनाशक पाजायचं, लस द्यायची, चार माणसांत राहायची सवय लावायची आणि मग चांगलं घर बघून पाठवायचं. पाठवण्याआधी प्रत्येकाला नाव लागतंच. नाव असं असावं की ते नरालाही शोभेल आणि मादीलाही, या मताची मी आता पक्की आहे.

१. पिल्लू बघायला येणारी माणसं दारातच विचारतात, "नर आहे ना?" मी सांगितलेलं नाव राणी किंवा चंपी असलं की पुढचं बोलणंच होत नाही. "मादी नको हो, पिल्लं होतील." पण "हा आमचा चमू, यातलं हे चिकू, ते बदाम, ते पलीकडचं केशर" असं म्हणत सगळी पिल्लं अंगणात सोडली, की माणसं आधी खाली बसतात. एखादं पिल्लू मांडीवर चढतं, बुटाची नाडी ओढतं. चिकू मादी आहे हे कळेपर्यंत घरातल्या मुलांनी तिला उचललेलं असतं. मी काही लपवत नाही, विचारलं की लगेच सांगते. पण नावानं दार आधीच लावून घेतलेलं नसतं, एवढा फरक पडतो. लसीच्या कार्डावर नर की मादी यासाठी वेगळा रकाना असतोच; ते काम नावावर टाकायची गरज नाही.

मादीबद्दलची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, सुमारे ६३ दिवसांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं सहज होतात. ती पोत्यात घालून नदीकाठी सोडणारी माणसं आपल्याच वस्तीतली असतात. पण नसबंदीची शस्त्रक्रिया आता नाशकात सहज होते, आणि ती एकदा केली की हा प्रश्न कायमचा मिटतो. जुन्या काळी ही सोय नव्हती, म्हणून मादी सहसा दारात ठेवत नसत. आज तसं कारण उरलेलं नाही.

२. आपल्या आठवणीतली नामांकित कुत्री बघा. रायगडावरचा वाघ्या, ज्याच्या पुतळ्यावरून एवढे वाद झाले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला ज्याची समाधी दाखवतात तो शाहू महाराजांचा खंड्या. गावोगावचे मोत्या, टिप्या, काळ्या. सगळे नर. नावाच्या शेवटी 'या' लागला की मराठी कान 'तो' असंच समजतो. मादीला नाव मिळालंच तर चिंगी, टिपी असं धाकटं, लाडिक. राखणदाराचं भारदस्त नाव तिच्या वाट्याला क्वचितच आलं, आणि मळ्यावर रात्रभर जागणाऱ्या कितीतरी माद्या नुसत्या 'कुत्री' म्हणूनच जगल्या, मेल्या.

हे आपल्याकडे पहिल्यापासून होतं असंही नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १०८व्या सूक्तात पणींनी पळवलेल्या गाईंचा शोध घेत जाते ती सरमा, इंद्राची दूत. देवांची कुत्री. पणी तिला बहीण म्हणून आपल्याकडे वळवू बघतात आणि ती ठामपणे नाकारते. महाभारताच्या आदिपर्वात आपल्या पिल्लाला विनाकारण मारलं म्हणून जनमेजयाला शाप देते तीही सरमाच. एवढ्या मानाचं नाव तिला होतं.

३. नाव कागदावर नव्हे, हाकेत तपासावं. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्या येतो आणि कुत्री उचलतो. म्हणून तिकडे कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात आणि अंधार पडायच्या आत त्याला हाक मारून घराजवळ घेतात. तिथं 'अलेक्झांडर' चालत नाही. दोन अक्षरं, आणि शेवटी लांबवता येईल असा स्वर: आ, ई, ऊ, ओ. "चिकूऽऽ" ही हाक बागेच्या दुसऱ्या टोकाला पोचते. शहरातही तेच. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ संध्याकाळच्या गर्दीत पट्टा हातातून सुटला, तर तुमच्याजवळ फक्त त्या नावाचा आवाज असतो. माणसांच्या गलबल्यातूनही कुत्र्याला आपलं नाव ओळखू येतं, हे मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. मात्र नावाचा आवाज निदान भोवतालच्या आवाजाइतका तरी असावा लागतो.

४. मराठीत नाव कितीही सामाईक ठेवलं तरी 'ये रे' आणि 'ये गं' यांतून लिंग बाहेर येतंच. ते येऊ द्यावं. सामाईक नाव म्हणजे तिचं मादीपण पुसायचं असं नव्हे. "केशर, ये गं" यात जो जिव्हाळा आहे तो कशाला सोडायचा? फक्त घरात एकानं रे आणि दुसऱ्यानं गं म्हणू नये.

५. अशा नावांसाठी परदेशी याद्या धुंडाळाव्या लागत नाहीत. आपल्याकडे माणसांतच ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माणिक घ्या. गायिका माणिक वर्मा आपल्या, आणि कवी ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटेही आपलेच. एकच नाव, दोघांनाही तितकंच शोभलं. रतन, हिरा, कांचन, किरण, कमल, मंगल, सगळी तशीच. जिनसांची नावं तर कुत्र्याला फार छान बसतात, कारण ती रंगावरूनही ठेवता येतात. तांबूस अंगाला केशर, पांढऱ्याला कापूर, तपकिरीला बदाम. माणिक हाकेत आपोआप माणकू होतं, म्हणजे शेवटचा लांब स्वरही मिळाला.

माणसाचं नाव ठेवताना मात्र शेजारीपाजारी बघावं. तुमच्या मजल्यावर मंगलकाकू राहत असतील, तर ते नाव कितीही आवडो, ठेवू नका. रोज खालून "मंगल, सोड ते!" असं ऐकावं लागलं, तर कुणालाही वाईट वाटतं.

६. सोनू, चिंटू, गोलू, छोटू ही नावंही दोघांना चालतात. पण सिडकोत किंवा इंदिरानगरात एखाद्या इमारतीखाली "सोनू" म्हणून हाक मारा, दोन-तीन पोरं खिडकीत येतील. कुत्र्याचाही गोंधळ होतो, कारण त्याचं नाव दिवसभर दुसऱ्याच कुणासाठी घेतलं जातं. आपलं नाव ऐकूनही काही घडत नाही हे त्याला कळलं, की ते कान टवकारायचं सोडून देतं.

७. आज्ञेच्या शब्दांशी नाव जुळू नये. घरात 'सिट' म्हणत असाल तर किट्टू नको, 'नो' म्हणत असाल तर नोनो नको, मराठीत 'बस' म्हणत असाल तर बसू नको.

८. सिनेमावरून नाव ठेवायला माझी हरकत नाही. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईत हजारो किलो आरडीएक्स हुडकणारा पोलिसांचा लॅब्रेडॉर जंजीर, त्याचं नाव १९७३च्या सिनेमावरून आलं होतं. शब्द 'ती जंजीर', कुत्रा नर, आणि या नावानं त्याला सलामी मिळाली. २०२२च्या '७७७ चार्ली' या कन्नड सिनेमातली चार्ली मादी, नाव चार्ली चॅप्लिनवरून. प्रेक्षक तिच्यासाठी रडले तेव्हा नाव पुरुषी आहे का, हे कुणाच्या मनातही आलं नसेल. गावाचं नावही चांगलं. रतन टाटांच्या बॉम्बे हाउसमध्ये गोव्यातलं एक भटकं कुत्रं आलं आणि त्याचं नावच गोवा पडलं. त्यात ते मूळचं कुठलं ही ओळखही राहिली. आमच्याकडे आलेल्या एका पिल्लाला मी याच विचारानं 'दिंडू' म्हटलं, दिंडोरीचं म्हणून.

९. देवाचं नाव ठेवू नये असं माझं मत आहे. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाजवळही कुत्रा आहे, त्यांचा मान मोठाच आहे. पण रागावताना, चपला चावल्या म्हणून ओरडताना ते नाव आपल्या तोंडून जाणार, आणि घरातल्या आजींना ते सहन होणार नाही.

१०. मोठं कुत्रं दत्तक घेत असाल आणि त्याला आधीचं नाव असेल, तर ते बदलू नका. त्यानं घर गमावलेलं असतं, माणसं गमावलेली असतात. नाव तरी राहू द्या. नाव फारच नको वाटलं तर आवाजानं जवळचं निवडा. टायगरचा 'ताया' होऊ शकतो, एकदम 'ऑस्कर' नको.

११. "एकच नाव सांगा" असं कुणी म्हटलं, तर मी मोती म्हणते. मोत्या नव्हे, मोती. 'या' लावून आपणच त्याला नर केलं. मुळातलं नाव कुणाचंही आहे. दोन अक्षरं, शेवटी लांब ई, आजीलाही म्हणता येतं, नातवालाही. ते जुनं वाटतं म्हणून हल्ली कुणी ठेवत नाही, त्यामुळे गल्लीत दुसरं सापडतही नाही.

पिल्लू आणायला जाल तेव्हा सगळ्यांनी नर उचलून नेल्यावर मागे उरलेल्या माद्यांकडे बघा. त्यांतली एक घरी आणा, तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस द्या, वेळेवर नसबंदी करून घ्या, आणि पहिल्या दिवसापासून तिला चांगल्या, ठसठशीत नावानं हाक मारा.