अवघड जागेचे दुखणे



अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आपण हसत सांगतो. ज्याच्यावर वेळ येते तो हसत नाही. संबंधाच्या वेळी इंद्रियाला ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, ही तक्रार चाळिशीनंतर पुष्कळांची असते, तरुणांचीही असते. दमणूक किंवा काळजीमुळे एखाद्या वेळी तसे झाले तर तो आजार नव्हे. दोन-तीन महिने तसेच चालले तर डॉक्टरांना दाखवावे. याला वांझपण समजू नये. मूल होणे न होणे ही गोष्ट वेगळी.

आपली साखर घेऊन आंबा घाट उतरून, निवळीवरून जयगड बंदराला गेलेल्या एका चालकबंधूंची हकिगत सांगतो. नाव अर्थातच सांगणार नाही. वर्षभर ही तक्रार, घरात अबोला. रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैद्याची चूर्णे खाऊन झाली, पैसा गेला. जयगडला गाडी खाली होईपर्यंत मुक्काम पडला, तेव्हा हे रात्रीत पाच-सहा वेळा लघवीला उठले. क्लीनर पोरगा म्हणाला, "मामा, एकदा साखर तपासून घ्या की!" तपासली, तर उपाशीपोटी अडीचशेच्या वर. पोती साखरेची वाहिली, पण रक्तातल्या साखरेचा पत्ता नव्हता.

आता हे होते कसे ते पाहू. उसाला पाणी देताना आपण पाटाचे दार उघडतो आणि सरीचे खालचे तोंड बांधतो, तेव्हा सरी भरते. इथेही तसेच. मनात इच्छा आली की मज्जातंतूंतून निरोप जातो, रोहिण्या रुंदावतात, रक्त आत शिरते आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते तिथे टिकते. मधुमेह निरोप नेणारे तंतूही बिघडवतो आणि रोहिण्याही. रक्तदाब, चरबी, बिडी-तंबाखू हे रोहिण्या अरुंद करतात. इंद्रियाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. बारीक नळी आधी चोंदते! म्हणून ही तक्रार हृदयविकाराच्या दोन-चार वर्षे आधीची सूचनाही असू शकते. ती चूर्णात दडपणे म्हणजे फडाला आग लागली असता पाठ फिरवणे.

दारू, रक्तदाबाच्या व मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या, पुरुष-संप्रेरकाची कमतरता, कण्याची इजा हीही कारणे आहेत. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. पहाटे झोपेत ताठरता येत असेल आणि जागेपणी येत नसेल, तर कारण बहुधा मनाचे: भीती, कर्ज, नवराबायकोतील तेढ. तरुणांच्या डोक्यात 'वीर्य गेले की ताकद गेली' हे खूळ असते. ते निव्वळ खूळ आहे.

या खुळाविरुद्ध लिहिणारा माणूस याच रत्नागिरी जिल्ह्यातला. दापोलीजवळच्या मुरुडला १८८२ साली जन्मलेले र. धों. कर्वे. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. दंड झाला, मासिक थांबले नाही. आणि आपण आजही कंपाउंडरसमोर 'जरा अशक्तपणा आहे' एवढेच म्हणतो!

उपचार सोपे आहेत. आधी साखर, रक्तदाब, चरबी तपासून आटोक्यात आणणे, तंबाखू सोडणे, रोज चालणे. १९९८ पासून सिल्डेनाफिल ही गोळी मिळते; ती रक्ताची वाट मोकळी करते, इच्छा निर्माण करत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, साधारण तासभर आधी, भरपेट जेवणावर नाही, अशी घ्यावी. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जे घेतात, त्यांनी ही मुळीच घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब इतका उतरतो की जीव जाऊ शकतो. काही 'आयुर्वेदिक' पुड्यांत हेच औषध चोरून मिसळलेले सापडले आहे, म्हणून त्याही धोक्याच्या. गोळीने भागले नाही तर निर्वात पंप, इंजेक्शन, शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि तंबूतली पुडीसुद्धा बरोबर न्यावी. शक्यतो मंडळींनाही सोबत घ्यावे. आमच्या चालकबंधूंनी तसेच केले. त्यांची साखर आता उतरली आहे, तक्रारही बरीच कमी आहे, आणि चहा मात्र ते बिनसाखरेचा मागतात.