‘आणखी कुठे अर्ज केलाय?’

विषयाचे, अनुभवाचे आणि घरच्या परिस्थितीचे प्रश्न आटोपून निवड समितीची मंडळी चहाचे कप हाती घेतात आणि ‘आणखी कुठे अर्ज केलाय?’ असे जाता जाता विचारतात, तेव्हा उमेदवाराने अधिक सावध व्हावे, हे मी मुखेड, देगलूर, कंधार, अहमदपूर या टापूतील खासगी संस्थांकडे अर्ज पाठवीत असतानाच शिकलो.

एका समितीपुढे मी दुसऱ्या संस्थेचे नाव निष्कपटपणे सांगितले. समितीतील एक सद्गृहस्थ त्या संस्थेच्या सचिवांचे सोयरे निघाले, आणि तिकडे मुलाखतीस गेलो तो अध्यक्षांचे पहिले वाक्य कानी आले : ‘काय गुरुजी, आमच्याकडं काम पक्कं झालं म्हणून सांगत फिरायलाव म्हणं?’ मी तसे बोललोच नव्हतो. पण ज्या मुलुखात नावापाठोपाठ गाव आणि गावापाठोपाठ पाहुणे विचारले जातात, तेथे उच्चारलेले नाव खोलीबाहेर पडते आणि पडताना चार शब्दांनी वाढतेही.

म्हणून ‘कुठेच नाही’ असे ठोकून द्यावे काय? मुळीच नाही. शिक्षक भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून होऊ लागल्यापासून, मुलाखतीसह भरणाऱ्या जागांसाठी एकाच उमेदवाराची शिफारस अनेक संस्थांकडे होऊ शकते, हे समितीला पुरते ठाऊक असते. तेव्हा असे उत्तर देणारा एक तर लबाड ठरतो, नाही तर गाफील.

वस्तुतः समितीला तुमच्या अर्जांची जंत्री नको असते. तुम्ही टिकाल की नाही, एवढीच तिची विवंचना असते. शिक्षणसेवकाची तीन वर्षे मानधनावर काढायची, आणि ते मानधन २०२३ पासून वाढूनही प्राथमिकला १६ हजार व माध्यमिकला १८ हजार रुपये. अशा स्थितीत जिल्हा परिषदेचा हुकूम येताच गुरुजी भर सत्रात निघून जातील, ही तिची धास्ती निराधार नसते.

यास्तव प्रकार सांगावा, नाव सांगू नये. संख्या विचारलीच तर खरी सांगावी, आणि उत्तर लगेच त्या शाळेकडे वळवावे. ‘याच विषयाच्या, याच भागातल्या जागांसाठी अर्ज केले आहेत, आपल्याकडे आठवी ते दहावीचे गणित सलग शिकवायला मिळेल, म्हणून ही जागा मला अधिक पसंत आहे,’ इतके पुरे. नावासाठी आग्रह झाल्यास ‘त्यांची प्रक्रिया चालू आहे, मी नाव घेणे बरे दिसणार नाही’ असे नम्रपणे म्हणावे. असा संयम आपल्याही संस्थेविषयी पाळला जाईल, हे जाणत्या माणसास उमगते. दुसरीकडून नेमणूक आल्याची थाप मारून भाव मात्र वाढवू नये. एका फोनवर ती उघडी पडते.

पुढचा प्रश्न ठरलेला : ‘सरकारी ऑर्डर आली तर?’ येथे जन्मभराच्या शपथा घेऊ नयेत. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे राजीनाम्यापूर्वी कायम कर्मचाऱ्यास तीन व इतरांस एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, तेवढी तरी देईन, आणि दहावीचा वर्ग हाती असेल तर परीक्षेपर्यंत थांबण्याचा यत्न करीन, असे सांगावे. मात्र हे सांगण्यापूर्वी तसे वागण्याची आपली तयारी आहे ना, हे घरूनच ठरवून निघावे.