आदल्या दिवशीचा फोन

ॲपच्या चाचणीच्या सेशनमध्ये काय विचारायचं, ते तू हळूहळू शिकशीलच. त्याआधी आदल्या दिवशीचा फोन नीट करायला शीक. माणूस त्याच्या घरी, आपण आपल्या घरी, अशा टेस्टिंगचं निम्मं काम त्या फोनवरच होतं.

अनोळखी आवाजानं ‘स्क्रीन शेअर करा’ म्हटलं की समोरच्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. दुरून फोनचा ताबा घेता येणारं एनीडेस्क हे ॲप फोनवर घ्यायला लावून खाती रिकामी करणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच सावध केलं होतं. म्हणून कुणी आढेवेढे घेतले तर ‘घाबरू नका हो’ म्हणत रेटू नकोस. आपण काय मागणार नाही, ते आधी सांग: ओटीपी नाही, पिन नाही, त्यांचं खरं खातंही नाही. सरावाचं खातं आपणच देतो. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे खात्री करून घ्या, असं तूच सुचव. नवं ॲप घ्यायला लावू नकोस. त्यांच्याकडे मीट असेल तर मीट, झूम असेल तर झूम.

मग त्याच कॉलवर त्यांना एकदा स्क्रीन शेअर करायला सांगून बघ. आधी बाकीची ॲप्स बंद, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू. नाहीतर ऐन वेळी मुलीचा खासगी मेसेज किंवा बँकेचा ओटीपी वर झळकतो आणि तो रेकॉर्डही होतो. बँकेच्या ॲपची चाचणी असेल तर एक गोष्ट मुद्दाम सांग: काही पानं सुरक्षेसाठी आपल्याला काळी दिसतात, फोन बिघडलेला नसतो.

‘मनात येईल ते बोलत राहा’ एवढं सांगून कुणी बोलत नाही. सराव दे. ‘व्हॉट्सॲपवरचा डीपी बदला, आणि बदलताना कुठे बघताय, काय शोधताय ते बोला.’ दोन मिनिटांत जीभ मोकळी होते. मात्र हा सराव आपल्या ॲपवर घेऊ नकोस, नाहीतर चाचणी तिथेच संपली. तू मराठीत बोललीस तर तेही मराठीत बोलतील. इंग्रजीत सुरुवात केलीस तर वाक्यं जुळवत बसतील. शेजारी बसलेला मुलगा उत्तरं द्यायला लागतो, त्याचीही आधीच प्रेमानं समजूत घाल. परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही, हे मात्र दोन्ही दिवशी सांग.

रेकॉर्डिंग कोण बघणार, कधी पुसणार, हे त्यांना कळेल अशा भाषेत सांग. मधेच थांबले तरी मानधन पूर्ण मिळेल, हेही.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं, की पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी सापडतात. पण पाचच जण असतील तर एक सेशन वाया जाणं परवडत नाही, म्हणून एक माणूस जास्तीचा ठेव. आणि एवढं करूनही कुणी नको म्हणालं, तर आभार मान, यादीतून नाव काढ आणि त्यांना पुन्हा फोन लावू नकोस.